‘हातभार’चे शकीलसर

शकीलसरांना मी दोन वर्षं ओळखत होते, पण ते रस्त्यात समोरून आले असते तर मी बाजूला होऊन वाट दिली असती आणि पुढे निघून गेले असते. कारण त्यांचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. पाहिले होते ते फक्त हात.

दर रविवारी दुपारी तीनला आमची ऑनलाइन बैठक भरायची. पडद्यावर एकेक चौकट उघडत जायची. परभणीची अनघा केस विंचरून बसलेली. हिंगोलीच्या एकाने मागे पुस्तकांचं कपाट दिसेल अशी खुर्ची सरकवलेली. मी इकडे नांदेडला, मागचं वाळत घातलेलं धुणं दिसू नये म्हणून पडदा ओढलेला. आणि लातूरच्या चौकटीत एक लाकडी टेबल, त्यावर स्टीलची परात आणि दोन हात. मनगटाच्या वर काही नाही. हात भुईमुगाच्या शेंगा फोडत असायचे आणि आवाज बोलत असायचा. थोड्या वेळाने हातच बोलतायत असं वाटायला लागायचं.

पहिल्याच बैठकीत मी भाबडेपणाने म्हटलं, "सर, तुमचा कॅमेरा खाली झुकलाय."

"झुकला न्हाई बेटा, तसाच लावलाय," हात म्हणाले. "माझं तोंड बघून कुणाला काय शिकायचंय? आपला धंदा हाताचा हाय."

हा धंदा कसला ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या मावशीलाही तो अजून कळलेला नाही. आम्ही लहान मुलांचे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एखाद्या लेकराला शर्टाचं बटण लावता येत नाही, घास तोंडापर्यंत नेता येत नाही, दोन ओळी लिहिल्या की हात गळून जातो, कुणाला अंगाला लागलेली धूळसुद्धा सहन होत नाही. अशा मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून आम्ही खेळता खेळता शिकवतो. डॉक्टर नाही, शिक्षक नाही, मधलंच काहीतरी. मोठ्या शहरांत आमच्यासारखे एकेका इमारतीत दोनदोन, तीनतीन बसतात. आमच्याकडे एकाला दुसरा बघायचा तर एसटीत बसावं लागतं.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचीच दारं बंद झाली तेव्हा सरांनी कुठून कुठून नंबर मिळवले आणि मराठवाड्यातल्या आम्हा अकरा जणांचा एक गट केला. नाव ठेवलं ‘हातभार’. कुणाला एखाद्या मुलाचं कोडं सुटत नसेल तर त्याने गटावर टाकायचं, बाकीच्यांनी डोकं लावायचं, आणि रविवारी समोरासमोर बोलायचं. सरांच्या बाबतीत हातासमोर.

गटाचे कायदे सरांचे. बैठकीत कुणी रिकाम्या हातांनी बसायचं नाही. "हात मोकळे ठेवून नुसतं तोंड चालवलं की माणूस भाषण करायला लागतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दर रविवारी अकरा शिकलेली माणसं मेथी निवडत, मटार सोलत, वाती वळत मुलांच्या मेंदूविषयी चर्चा करायची. अनघाने त्या दोन वर्षांत तीन स्वेटर विणले. परभणीच्या उन्हाळ्यात ते कोण घालणार हा प्रश्न कुणी विचारला नाही. माझी आई मात्र खूश होती. तिची आठवड्याची लसूण माझ्या रविवारात सोलून व्हायची.

दुसरा कायदा आजीचा. कुणी इंग्रजीत मोठा शब्द वापरला की सर शेंग फोडायची थांबवायचे आणि आवाज बदलायचे. अहमदपूरकडची एक आजी त्यांच्या आवाजात बोलायला लागायची. "बाई, काय झालंय मनलाव माझ्या नातवाला? येडं हाय का लेकरू?" मग आम्ही तो शब्द सोडून सरळ बोलायचो. हिंगोलीवाल्याने एकदा परदेशातल्या कुठल्याशा व्याख्यानात ऐकलेलं वीस मिनिटं सांगितलं. आजी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "लई शिकलाव बाबा. आता माझ्या नातवाला जेवायला कसं घालू तेवढं सांगा." तो गडी पुढच्या रविवारी ते अगदी चार वाक्यांत सांगून गेला आणि आजीने त्याला दुवा दिली.

आणि शनिवार. शनिवारी गटावर प्रत्येकाने आठवड्यात आपलं काय फसलं ते लिहायचं. यशाच्या गोष्टी इतर दिवशी चालतील, पण शनिवार फसलेल्यांचा. पहिल्यांदा लाजून कुणी लिहीना, तेव्हा सरांनी स्वतःपासून सुरुवात केली. एका चुळबुळ्या मुलाला मांडीवर जड पिशवी ठेवली की तो शांत बसतो म्हणून त्यांनी कापडी पिशवीत हरभरे भरून दिले होते. मुलाची आई फार टापटिपीची. तिने पिशवी धुतली, दमट कोपऱ्यात वाळत टाकली, आणि तिसऱ्या दिवशी पिशवीला मोड आले. सरांनी फोटो टाकला. पिशवीच्या शिवणीतून बाहेर आलेले पांढरे कोंब. खाली लिहिलं होतं, "त्यांनी उसळ करून खाल्ली. मला बी डबा पाठवला. प्रयोग फसला, उसळ बरी होती." त्या दिवसापासून आम्ही सगळे मोकळेपणाने फसायला लागलो.

सरांचा दवाखाना लातुरात कोचिंग क्लासच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली वर, डावीकडे उजवीकडे सगळे क्लास. आमच्या कामाला थोडक्यात ‘ओटी’ म्हणतात, म्हणून पाटीवर ‘ओटी सेंटर’. ही पाटी लावून सरांनी आयुष्यभराची करमणूक विकत घेतली. कुणी ऑपरेशन थिएटर समजून पेशंटला घेऊन धापा टाकत जिना चढायचं. आणि जूनमध्ये तर गावोगावचे आईबाप यायचे. नीटची बॅच असते, जेईईची असते, तशी ही ओटीची बॅच असणार. चाकूरचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले आणि म्हणाले, "ओटीची बॅच कधी सुरू होती? पोराला दहावीला चांगले मार्क पडलेत." सरांनी त्यांना नाही म्हटलं नाही. पोराला बसवलं, पेन हातात दिलं, लिहायला लावलं. पोराचं मनगट चार ओळींत ताठ व्हायला लागलं. सरांनी पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केलं, वही तिरकी ठेवली, आणि पोराला म्हणाले, ही झाली तुझी बॅच, पास झालास. चार दिवसांनी त्या पोराच्या होस्टेलमधली अख्खी खोली पेनं घेऊन जिन्यात उभी.

एवढ्यावर थांबते तर ते शकीलसर कसले. ते समोरच्या एका क्लासात शिरले आणि दारात वाकून बाकांखाली बघत राहिले. शिकवणाऱ्या सरांना वाटलं कुठल्या तरी ऑफिसातून तपासणीला आलेत. त्यांनी खुर्ची मागवली, चहा मागवला. शकीलसरांनी चहा घेतला आणि अहवाल दिला: "बुटक्या पोरांचे पाय लटकायलेत. पाय लटकले की ध्यान बी लटकतंय." दुसऱ्या आठवड्यात पुढच्या बाकांखाली फळ्या बसल्या. तपासणी नव्हती हे त्या सरांना कुणी सांगितलं की नाही ठाऊक नाही.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी शिकून नांदेडला परत आले तेव्हा घराच्या खालच्या मजल्यावर एक खोली मांडली. एक झोका, दोन चटया, ठोकळे, एक बुटकं टेबल. पपांना माझ्या कामाविषयी राग नव्हता, काळजी होती. त्यांच्या मित्राच्या कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला बाई हवी होती. पपांचं म्हणणं साधं होतं. तिथे वर्ग भरलेला असतो. इथे तू एका लेकराची वाट बघत झोक्यावर बसलेली असतेस. त्यांनी एकदा मला खरंच झोक्यावर बसलेलं पाहिलं होतं.

वाट बघायची ती बहुतेक सायलीची. सहा वर्षांची. आई तिला आठवड्यातून दोनदा अर्धापूरहून घेऊन यायची. सायलीच्या दोन्ही मुठी कायम मिटलेल्या. हातांत दोष काही नव्हता, पण तळव्याला कशाचाही स्पर्श झालेला तिला सोसायचा नाही. भात नाही, माती नाही, पेन्सिल नाही. कुणी हात धरला तर सगळं अंग ताठ. शाळेने सांगितलं होतं, लिहायला लागली की आणा. मी तीन महिने शिकलेलं सगळं करून पाहिलं. तांदळाचं तसराळं, रंगीत फेस, मऊ ब्रश, ओली वाळू. एकदा तिला उलटी झाली. एकदा ती टेबलाखाली जाऊन बसली आणि तासभर निघाली नाही. तिची आई नुसती घड्याळाकडे बघत राहिली, कारण पाचची गाडी चुकली असती.

मी गटावर सगळं लिहिलं. काय काय केलं त्याची लांबलचक यादी. शेवटी लिहिलं की मला वाटतं मी या कामाच्या लायकीची नाही, आणि पुढच्या महिन्यापासून क्लासवर जाईन म्हणते. सगळ्यांनी धीर दिला, चार नव्या युक्त्या सांगितल्या. सरांनी एकच विचारलं. "ती काय करत न्हाई ते लई लिहिलंस. ती आपल्या मनानं काय करती?"

ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मग पंधरा दिवस काही करू नको," सर म्हणाले. "नुसती बघ."

काही न करणं फार अवघड असतं हो. मी चटईवर बसायची आणि बघायची. सायली खिडकीशी उभी राहायची. सायली झोक्याची दोरी खांद्याने ढकलायची. तिसऱ्या खेपेला तिच्या आईचा संयम सुटला. "मॅडम, नुसतं बघायला तर आमचे पावणे बी येतेत. तुमी कायतरी करा की." मी कसंनुसं हसले. पपांनी क्लासवाल्या मित्राला पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारचं सांगून टाकलं होतं.

त्याच आठवड्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न झालं. माझ्या उजव्या हातावर कोपरापर्यंत मेंदी, डावा कोराच राहिला होता. गुरुवारी सायली आली तेव्हा मी इतकी दमले होते की बुटक्या टेबलावर उजवा हात उताणा टाकून नुसती बसून राहिले. बघायचंही विसरले खरं तर. थोड्या वेळाने लक्षात आलं की ती जवळ आली आहे. माझ्या तळहातावरच्या मोराकडे वाकून पाहत होती. मी हललेच नाही. मिनिटं गेली. मग तिच्या मुठीतून एक बोट सुटं झालं आणि मोराच्या मानेवरून हळू खाली गेलं. पुन्हा वर. पुन्हा खाली.

मी दाराकडे पाहिलं. तिची आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

पुढच्या खेपेला मी मेंदीचा कोन आणून ठेवला. माझ्या डाव्या तळहातावर अर्धं फूल काढलं आणि हात तसाच ठेवून बसले. सायलीने बराच वेळ विचार केला. मग दोन्ही हातांनी कोन उचलला आणि जोर लावून दाबला. फुलाच्या जागी मेंदीचा गोळा पडला. तिला तो फार आवडला. तिने दुसरा पाडला. घरी पपांनी विचारलं, हे काय झालं हाताला. मी म्हटलं, सायलीने लिहिलंय. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काय लिहिलंय?"

पुढचं आत्ताच सांगून टाकते. सायली आज दुसरीत आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, आणि क्लासवर जीवशास्त्र दुसऱ्या कुणीतरी बाई फार छान शिकवतात. पण त्या शनिवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी गटावर फसलेल्यांच्या रांगेत लिहिलं, "पंधरा दिवस काहीच केलं नाही," आणि खाली माझ्या गोळेदार तळहाताचा फोटो टाकला, घडलं तसं सगळं सांगितलं. अनघाने मोठ्याने रडून व्हॉइस मेसेज पाठवला. सगळे बोलले. सर मात्र गप्प. जो माणूस कुणी पेन धरायची नवी पकड पाहिली तरी पाच मिनिटांचा निरोप पाठवायचा, त्याच्याकडून एक अक्षर नाही. रविवारी अडीच वाजता गटावर एक ओळ आली. "आज बैठक न्हाई."

दोन वर्षांत बैठक कधी चुकली नव्हती. सरांना ताप असतानाही हात शालीतून बाहेर येऊन शेंगा फोडत बसले होते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. फोन केला, उचलला नाही. सोमवारी सकाळी क्लासवर जायच्या वेळी मी लातूरच्या गाडीत बसले. पपा स्टॅंडवर सोडायला आले होते. ते एवढंच म्हणाले, "ज्या माणसाचं तोंड पाहिलं नाहीस, त्याच्यापायी नोकरीचा पहिला दिवस बुडवून चाललीस."

लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी दुपारी लातूरला पोचली. रिक्षाने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. एक बॅच सुटत होती, दुसरी शिरत होती. त्या पाठीवरच्या पिशव्यांमधून मी जिना चढले. हातांवरून मी एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस मनात धरला होता. दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागेल एवढ्या एका गृहस्थांनी. पांढरी दाढी, जाड चष्मा, आणि शर्टाला सात बटणं सात तऱ्हांची. एक कोटाचं, एक बाळाच्या झबल्याचं, एक लाकडी. मुलांना बटण शिकवायला वेगळी फळी कशाला, शर्ट आहे की, असा त्यामागचा हिशेब. त्यांनीही माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्या डाव्या हातावरचे ते विटकरी गोळे पाहिले.

"नांदेड आली का," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

घर दवाखान्याच्या मागेच होतं. त्यांच्या पत्नी, तस्नीमचाची, पाणी घेऊन आल्या. मी प्रवासभर घोकलेलं एका दमात बोलून टाकलं. सर, माझं काही चुकलं का, फोटो टाकायला नको होता का, तुम्ही गटावर काही बोलला नाहीत. सर खुर्चीत बसले. चाचीच बोलल्या. "शनिवारपासून असेच बसून हायेत. जेवणावर ध्यान न्हाई. तुझा फोटो मला दहादा दाखवला."

मग सर उठले आणि भिंतीतलं कपाट उघडलं. आत लांबट रजिस्टरं उभी लावलेली होती, कापडी पाठीची, जुन्या दुकानांत असायची तसली. एकेकाच्या पुठ्ठ्यावर एकच शब्द. ‘विचारायचं’.

त्यांनी एक उघडून माझ्यापुढे ठेवलं. डाव्या पानावर एक प्रश्न, बारीक नेटक्या अक्षरात, वर तारीख. उजवं पान कोरं. पुन्हा डावीकडे प्रश्न, उजवीकडे कोरं. मी पानं उलटत गेले. एक मुलगी फक्त लाल वाटीतच जेवते, का? एका मुलाला जिना चढता येतो, उतरता येत नाही. आईला काय सांगावं? वर्षंच्या वर्षं, रजिस्टरामागून रजिस्टर. मधे कुठे कुठे उजवी पानं हिरव्या शाईने भरलेली होती. त्या उत्तरांखाली नावं होती. अनघा, परभणी. हिंगोलीवाल्याचं नाव. एका जुन्या प्रश्नासमोर माझंही नाव होतं. मी गटावर सहज काहीतरी बोलले होते, ते.

"मी शिकून आलो तवा इथं आपल्या कामाचं दुसरं कुणी नव्हतं," सर म्हणाले. "फोन न्हाई, काही न्हाई. अडलं की लिहून ठेवायचो. कुणी भेटलं की विचारू म्हणून उजवं पान सोडायचो."

सगळ्यात जुनं रजिस्टर त्यांनी शेवटी काढलं. पहिलंच पान. मुलगी, वय सात, नाव मंगल. मुठी मिटलेल्या. हाडाला इजा नाही. कशा उघडाव्या?

भूकंपानंतरचे दिवस होते ते, सर सांगत गेले. ते नुकतेच पास होऊन घरी आले होते आणि किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडांत मदतीला जात होते. मंगलला ढिगाऱ्यातून काढलं होतं. घरातलं कुणी राहिलं नव्हतं. हातांना खरचटलंसुद्धा नव्हतं, पण मुठी उघडत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, हे तुमचं काम. सरांना अभिमान वाटला. ते रोज जायचे आणि तिचं एकेक बोट सरळ करायचे, पट्टी बांधून ठेवायचे. ती रडायची नाही. तोंड दुसरीकडे करायची. नवव्या दिवशी सर दिसल्याबरोबर ती शेडाच्या मागे जाऊन लपली. त्यानंतर तिचा मामा तिला घेऊन गेला, सोलापूरकडे कुठेतरी. सरांनी पुढे दोनदा जाऊन शोधलं. पत्ता लागला नाही.

"मी वाईट मनानं न्हाई केलं," सर म्हणाले. "पण जबरदस्तीच होती ती. हे मला तवाच कळलं होतं. मग करायचं काय, ते कळत नव्हतं. एवढी वर्षं हे पान कोरं ठेवलंय मी."

त्यांनी हिरवं पेन माझ्यापुढे केलं. मी म्हटलं, सर, तुम्हीच लिहा. त्यांनी मान हलवली. "ज्यानं उत्तर दिलं त्यानंच लिहायचं."

मी लिहिलं. मुठी उघडायच्या नाहीत. आपला हात तिच्यासमोर उघडा ठेवून बसायचं. आपल्याला कंटाळा येईपर्यंत बसायचं, आणि मग आणखी थोडा वेळ. खाली नाव घातलं, वैशाली, नांदेड. सरांनी रजिस्टर आपल्याकडे वळवून दोनदा वाचलं. चष्मा काढून सात बटणांच्या शर्टाला पुसला. शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं.

"आधी हे प्रश्न मला वाचून दाखवायचे," चाची दारातून हळूच म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून. रोज एक. मी सातवी शिकलेली, मी काय सांगणार? मी आपली हूं म्हणायची. तेवढ्यावर समाधान मानायचे बिचारे."

सर चाचींकडे बघून थोडे लाजले. मग त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं. मुलगा, वय सहा. ताट उजवीकडं ठेवलं की रडतो, डावीकडं ठेवलं की जेवतो. डोळे नीट, कान नीट.

"ह्याचं काय असंल बेटा?"

मी बराच विचार केला. "मला माहीत नाही, सर," मी म्हटलं.

"मलाबी न्हाई," सर म्हणाले आणि एकदम खुदकन हसले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. चाचींनी चहा आणून ठेवला. चारची नांदेड गाडी गेली असणार. पुढची साडेपाचला होती, आणि कपाटात रजिस्टरं पुष्कळ होती.